आमचा अजगर जेवत नाही (घरचा आहे, गंमत नाही). मदत हवी

वेलदोडा | १ डिसेंबर

मंडळी, शीर्षक वाचून हसायचं ते हसून घ्या आणि मग मदत करा. अकरा आठवडे झाले, आमच्या घरात एक जण उपाशी आहे आणि त्याच्यापायी बाकीचे चौघे हवालदिल.

आम्ही मिशिगनमध्ये असतो. लेकीच्या (वय १४) मैत्रिणीकडे बॉल पायथन (आफ्रिकेतला लहानसा अजगर) होता, नर, दोन वर्षांचा. सप्टेंबरात ते लोक दुसऱ्या राज्यात गेले, तिथला घरमालक म्हणाला साप चालणार नाही. लेकीने आठवडाभर आमचं डोकं खाल्लं आणि आम्ही हो म्हणून बसलो. तिने नाव ठेवलंय नूडल. सासूबाई साताऱ्याहून आल्यात, त्यांनी पहिल्याच दिवशी काचेत डोकावून "ही कसली वळकटी ठेवलीय कोपऱ्यात?" असं विचारलं. तेव्हापासून तो वळकटी.

आला तेव्हा वजन ७४२ ग्रॅम, काल ७०५. आधीच्या घरी जिवंत माऊस खायचा, तोही वेगळ्या खोक्यात घालून. (मराठीत सगळे उंदीरच, पण इथे माऊस आणि रॅट हे दोन वेगळे जिन्नस आहेत हे मला पन्नाशीला टेकल्यावर कळलं.) घरातले तिघं शाकाहारी, जिवंत प्राणी सोडणं काही जमणार नाही. म्हणून दुकानातून गोठवलेले लहान रॅट आणले. ओल्या नारळाच्या डब्याखाली त्यांचा डबा आहे. असं वाक्य मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं.

दर तिसऱ्या दिवशी एक रॅट कोमट पाण्यात ठेवून, चिमट्यात धरून तोंडासमोर हलवतो. तो मान आत घेतो आणि गोळा होतो. अर्ध्या तासाने रॅट कचऱ्यात. काचेची ४० गॅलनची टाकी दिवाणखान्यात, टीव्हीशेजारी. आत अर्ध्या ओंडक्याचा आडोसा, वर लाल दिवा रात्रंदिवस. काचेला चिकटवलेला गोल काटा ९० °फॅ दाखवतो. लेक शाळेतून आली की रोज तासभर त्याला हातात घेते, तेवढाच त्याला विरंगुळा.

काय चुकतंय?

निरुद्योगी | १ डिसेंबर

आमच्याकडेही चौदा वर्षांचा एक आहे. ताटात भेंडी दिसली की मान आत घेऊन असाच गोळा होतो. उपाय सापडला तर इकडेही कळवा.

कोकमसरबत | १ डिसेंबर

दूध देऊन पाहिलंत का? किंवा कच्चं अंडं? खरंच विचारतेय, मला यातलं काही कळत नाही.

रानवारा | १ डिसेंबर

दूध अजिबात नको. मी कोल्हापूरकडचा, बारा वर्षं सर्पमित्र म्हणून काम करतोय. साप दूध पीत नाही. नागपंचमीला गारुड्याचा नाग पितो तो बरेच दिवस पाण्याविना ठेवलेला असतो म्हणून. पुढ्यात येईल ते ओलं तो पितो आणि मग त्यानेच आजारी पडतो. अंडं खाणारे साप असतात, पण हा त्यातला नाही.

पाळीव सापांचा मला अनुभव नाही, आपल्याकडचे साप घरात ठेवणं हा गुन्हाच आहे. पण एक सांगतो. पकडलेली धामण एखाद दिवस पिशवीत राहिली तर तिच्यापुढे कितीही चांगला उंदीर टाका, ढुंकून बघत नाही. तीच शेतात सोडली की बिळात शिरून पोटभर खाते. घाबरलेला साप जेवत नाही. ताई, तुमचा घाबरलेला वाटतो.

टेक्सासतात्या | २ डिसेंबर

रानवारा यांनी मुद्द्यावर बोट ठेवलंय. माझ्याकडे सध्या चार बॉल पायथन आहेत, पहिला आणून नऊ वर्षं झाली. त्या पहिल्याने मला पाच महिने रडवलं होतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

हा प्राणी पश्चिम आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन. दिवसभर उंदरांच्या जुन्या बिळात नाहीतर वारुळात पडून राहतो, रात्री तोंड बाहेर काढून वाट बघतो. पाठलाग करणं त्याच्या स्वभावात नाही. धोका दिसला की डोकं मधे घेऊन चेंडू होतो, नावातला 'बॉल' तो. आता तुमच्या टाकीत बसून बघा. चार बाजूंनी काच, शेजारी टीव्ही, डोक्यावर चोवीस तास लाल उजेड (तो सापाला दिसत नाही ही जुनी समजूत आहे, दिसतो), लपायला एक ओंडका आणि तोही दोन्हीकडून उघडा. रोज एक मुलगी येऊन उचलते. दर तिसऱ्या दिवशी एक मेलेला उंदीर नाकावर आपटतो. तुम्ही त्याला वाढत नाही आहात, त्याच्या मागे लागला आहात.

मी तुमच्या जागी असतो तर उद्यापासून त्याच्यापुढे अन्न धरणं बंद केलं असतं. पूर्ण बंद. आधी घर नीट करा.

वेलदोडा | २ डिसेंबर

तात्या, अकरा आठवडे उपाशी असलेल्याला अजून उपाशी ठेवायचं? सासूबाईंना हे सांगायची माझी छाती नाही.

खवलेमांजर | २ डिसेंबर

मी इंग्लंडमध्ये पशुवैद्य आहे, कामाचा निम्मा भाग सरपटणारे प्राणी. इथे याच सापाला रॉयल पायथन म्हणतात. माझ्याकडे 'जेवत नाही' म्हणून येणाऱ्या सापांत याचा नंबर पहिला, आणि त्यातले बहुतेक आजारी नसतात.

आकडे बघू. ७४२ वरून ७०५, म्हणजे ५ टक्के घट, अकरा आठवड्यांत. माणूस किंवा मांजर असतं तर मी धावत आले असते. सापाचं गणित वेगळं आहे. तो अन्नातून शरीर गरम ठेवत नाही, त्यामुळे त्याचा खर्चच फार कमी. धडधाकट मोठा बॉल पायथन चार-सहा महिने न खाता राहतो आणि वजन जेमतेम हलतं. घट १० टक्क्यांपुढे गेली, पाठीचा कणा वर दिसू लागला, श्वासाला घरघर आली, तोंडाशी बुडबुडे किंवा चिकट लाळ दिसली, तोंड उघडं ठेवून मान वर करून बसू लागला, हिरड्यांवर पिवळट थर दिसला, तर मात्र लगेच डॉक्टर. सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर. कुत्र्या-मांजरांच्या सगळ्याच दवाखान्यांत हे जमत नाही. खवल्यांच्या फटीत, डोळ्यांच्या कडेला काळे ठिपके हलताना दिसतात का तेही बघा, गोचिडासारखे माइट असतात. पाण्याच्या वाडग्यात तासन्‌तास बुडून बसत असेल तर संशय घ्याच.

यातलं काही नसेल तर तात्यांशी सहमत. दोन गोष्टी उद्याच करा. एक, तो गोल काटा फेकून द्या. टोकाला वायर असलेला डिजिटल थर्मामीटर आणा आणि ते टोक साप जिथे पोट टेकतो तिथे ठेवा. दोन, उष्णता देणारं जे काही असेल ते थर्मोस्टॅटला (ठरवलेलं तापमान आपोआप राखणारं यंत्र) जोडा. थर्मोस्टॅटशिवायच्या गरम चटईवर पोट भाजलेले साप मी महिन्याला एखादा तरी बघते.

स्पष्टवक्ता | २ डिसेंबर

कुणाला राग येईल, पण लिहितो. घानाच्या वारुळातला प्राणी मिशिगनच्या बर्फात काचेत कोंडायचा आणि वर 'तो जेवत का नाही' म्हणून धागा काढायचा. जेवत नाही कारण त्याला तिथे असायचंच नाहीये.

खवलेमांजर | २ डिसेंबर

राग नाही. आफ्रिकेतून पकडून आणलेले साप मी पाहिलेत, पोटात जंत, अंगावर गोचिड आणि महिनोन्‌महिने अन्न बंद. तो व्यापार मलाही नको वाटतो. पण वळकटी दोन वर्षांचा आहे, बहुधा माणसाच्याच घरी अंड्यातून आलेला. त्याला मिशिगनमध्ये बाहेर सोडलं तर पहिल्या थंडीत मरेल. तो आहे, आणि त्याला नीट सांभाळणं हाच प्रश्न उरतो.

हिशेबनीस | ३ डिसेंबर

अवांतर: पुण्यात असा पाळायचा असेल तर? पुतण्या मागे लागलाय.

रानवारा | ३ डिसेंबर

नाग, धामण, अजगर, मांडूळ, दिवड, आपल्याकडचं काहीही घरात ठेवायचं नाही, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२. बॉल पायथन परदेशी, पण 'साइटीस'च्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे प्राणी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंद करावी लागते. कागद नसलेला कुणी विकत असेल तर पुतण्याला तिथूनच परत आणा.

वेलदोडा | ४ डिसेंबर

थर्मामीटर आला. बसा खाली.

गोल काटा: ९० °फॅ. सापाच्या पोटाखाली, दिव्याच्या बरोबर खाली: ७९. दुसऱ्या टोकाला: ७१. आर्द्रता २८ टक्के. बाहेर बर्फ, घरात हीटिंग दिवसरात्र, माझेच ओठ फुटलेत तर त्याचं काय होत असेल.

नवरा म्हणतो काटा फक्त काचेच्या वरच्या भागातली हवा मोजत होता. मी म्हणते तो काहीच मोजत नव्हता, त्याला ९० हा आकडा आवडला होता.

मृगजळी | ४ डिसेंबर

सेल्सियसमध्ये सांगा हो. आम्ही नाशिककर.

खवलेमांजर | ४ डिसेंबर

७९ म्हणजे २६ आणि ७१ म्हणजे साधारण २२. हवं होतं गरम टोकाला ३१-३२ आणि थंड टोकाला २५-२७. म्हणजे याच्या घरातली सर्वांत गरम जागा ही त्याला हव्या असलेल्या थंड जागेइतकी होती! पुरेशी ऊब नसेल तर गिळलेलं पचत नाही, पोटात कुजतं आणि उलटून पडतं. त्या गारठ्यात त्याने खाल्लं नाही ते शहाणपणाचं केलं. आर्द्रता ५५ ते ६५ च्या आसपास आणा.

टेक्सासतात्या | ४ डिसेंबर

सापडला चोर.

लाल दिवा काढून सिरॅमिकचा, उजेड न देणारा हीटर लावा, थर्मोस्टॅटवर, आणि सापाला चिकटता येणार नाही अशी जाळी त्याला हवी. वरच्या जाळीचं झाकण तीन-चतुर्थांश फॉइल-टेपने बंद करा, ओल तिथूनच उडते. खाली कागद असेल तर काढून नारळाच्या सोडणाचा भुसा घाला, चार बोटं जाड, कडेने थोडं पाणी ओतत जा म्हणजे वरचा थर कोरडा आणि खालचा ओलसर राहतो. तिन्ही काचांना बाहेरून काळा कागद. टाकी टीव्हीपासून हलवा.

आडोसे दोन, एक गरम टोकाला आणि एक थंड टोकाला, दोन्ही एकसारखे. हे महत्त्वाचं. एकच आडोसा असला की बिचाऱ्याला ऊब आणि सुरक्षितता यातलं एक निवडावं लागतं. आडोसा ऐसपैस नको. वेटोळं घातल्यावर पाठ छताला आणि दोन्ही कुशी भिंतींना लागल्या पाहिजेत, दार एकच. दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत प्लास्टिकच्या वेली, सुकी पानं, फांद्या, काहीही कोंबा.

मग दहा दिवस हात लावायचा नाही. पाणी बदला, घाण काढा, बाकी काचेत डोकावायचंसुद्धा नाही. लेकीला सांगा की ही तिची परीक्षा आहे.

वेलदोडा | ६ डिसेंबर

झालं सगळं. टाकी खालच्या शांत खोलीत हलवली. आडोशांसाठी सासूबाईंनी चिवड्याचे दोन प्लास्टिकचे डबे काढून दिले ("तसेही तुम्ही लोक चिवडा खात नाही"), उलटे करून कडेला दार कापलं, कडा तापवून गुळगुळीत केल्या. दोन तासांत वळकटी गरम टोकाच्या डब्यात दिसेनासा झाला. इतके दिवस तो उघड्यावर एका कोपऱ्यात असायचा, आम्हाला वाटायचं किती माणसाळलाय.

लेक रुसली आहे. दहा दिवस.

पाटावरवंटा | ७ डिसेंबर

एवढं करण्यापेक्षा तोंड उघडून घालता येत नाही का? यूट्यूबवर पाहिलंय.

खवलेमांजर | ७ डिसेंबर

कृपा करून नको. हाताने भरवणं हे अंड्यातून आल्यावर कित्येक आठवडे काहीच न खाल्लेल्या पिल्लांसाठी, आणि तेही सराव असलेल्या माणसाने, बाकी सगळं करून झाल्यावर. दात तुटतात, अन्ननलिका सोलवटते आणि साप जन्माची धास्ती घेतो. ७०० ग्रॅमच्या सापाला त्याची गरज नाही.

जिवंत उंदीर सोडा असंही कुणीतरी आता सुचवेल, म्हणून आधीच लिहिते. भुकेला नसलेला साप आणि घाबरलेला रॅट एका खोक्यात रात्रभर ठेवले तर सकाळी जखमी कोण असतो ठाऊक आहे? साप. पाठीची कातडी कुरतडून हाड दिसेपर्यंत. असे दोन मी शिवलेत.

मृगजळी | ७ डिसेंबर

मी या धाग्यावर रात्री झोपण्याआधी येते हे चुकतंय माझं.

टेक्सासतात्या | १५ डिसेंबर

वेलदोडाताई, दहा दिवस होत आले. आता वाढण्याविषयी.

पहिल्यांदा रॅट नको, माऊस द्या, गोठवलेलाच. तो माऊस खाऊन वाढलाय आणि या जातीचे काही साप एकच वास डोक्यात धरून बसतात. पुढे हळूहळू रॅटवर आणू, कारण माऊस जेमतेम २०-२५ ग्रॅमचा, मोठ्या सापाला एका वेळी तीन-चार लागतात.

आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून फ्रिजमध्ये ठेवा (वेगळ्या डब्यात, खाली). देण्याआधी घट्ट पिशवीत घालून कोमट पाण्यात अर्धा तास. बोटाने पोट दाबून बघा, मधे गोळा लागला तर अजून बर्फ आहे. मायक्रोवेव्ह कधीही नाही! बाहेरून शिजतो, आतून गार राहतो आणि कधी फुटतो. कसं कळलं ते विचारू नका, बायको अजून तो विषय काढते. शेवटी पिशवीतच दोन मिनिटं कढत पाण्यात, म्हणजे डोकं १०० °फॅ म्हणजे ३८ °से. पर्यंत जाईल. मग पुसून कोरडा करा.

डोक्याचं एवढं कौतुक कशाला? बॉल पायथनच्या वरच्या ओठावर बारीक खळगे दिसतील, त्यांनी त्याला उष्णता 'दिसते'. अंधारात त्याच्या लेखी जिवंत उंदीर म्हणजे एक ऊबदार ठिपका आणि एक वास. गार उंदीर म्हणजे दगड.

वेलदोडा | १७ डिसेंबर

नापास.

रात्री दहाला दिवे मालवून, लांब चिमट्याने माऊस आडोशाच्या दाराशी नेला. तो बाहेर आला! जीभ चालू. मान 'एस'सारखी वळवली. आम्ही तिघं श्वास रोखून. तेवढ्यात सासूबाई वरून "माझी सांडशी कुठंय गं?" करत जिना उतरल्या आणि दिवा लावला. फटका मारला त्याने, पण पकडलेला माऊस लगेच टाकून आत पळाला.

(सांडशी वापरली नव्हती. त्याचा चिमटा वेगळा आहे.)

वजन ६९८.

निरुद्योगी | १७ डिसेंबर

सासूबाईंचा स्वतंत्र धागा हवा.

टेक्सासतात्या | १७ डिसेंबर

नापास कसलं? फटका मारला म्हणजे भूक आहे. आता दहा दिवस पुन्हा काही नाही. उद्या लगेच द्यायला जाऊ नका, हीच सगळ्यांची चूक होते. दर नकारानंतर माणूस घाईला येतो आणि सापाला दर दोन दिवसांनी नवा त्रास.

पुढच्या वेळी चिमट्याने नाचवणंही नको. गरम करून आडोशाच्या दाराबाहेर एका ताटलीवर ठेवा, म्हणजे भुसा चिकटणार नाही, दिवा बंद, दार बंद, झोपायला जा. लाजरे साप कुणी बघत नसताना खातात.

वेलदोडा | २८ डिसेंबर

काल रात्री साडेदहाला ठेवला. सकाळी सहाला लेक खाली गेली आणि तिथूनच ओरडली. ताटली रिकामी!!

मी उठून आधी टाकीमागे, टेबलाखाली, सगळीकडे पाहिलं. माऊस खरंच कुठे नव्हता. वळकटीच्या मध्यावर छोटासा फुगवटा. पंधरा आठवड्यांनी. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. उंदीर हे गणपतीचं वाहन आहे याची आठवण त्यांना कुणीही करून दिलेली नाही, तुम्हीही देऊ नका.

कोकमसरबत | २८ डिसेंबर

डोळ्यांत पाणी आलं, एका सापासाठी. काय दिवस आलेत.

खवलेमांजर | २८ डिसेंबर

अभिनंदन. आता ४८ तास हात लावायचा नाही, नाहीतर उलटून टाकेल. पुन्हा सात दिवसांनी एक माऊस, मग दोन. एकदम पोटभर नको. इतक्या दिवसांनी चालू झालेल्या पोटावर ओझं टाकू नये. समजा उलटलाच, तर किमान दहा ते चौदा दिवस पूर्ण विश्रांती आणि पुढचं जेवण निम्मं.

हात धुणं विसरू नका. गोठवल्याने साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) मरत नाही. उंदीर कोमट करायचं भांडं स्वयंपाकघरात फिरता कामा नये, सिंकमध्ये तर नाहीच. घरात आजी आहेत म्हणून जास्त सांगतेय.

वेलदोडा | २० जानेवारी

४ तारखेला एक माऊस, ११ ला दोन. खाल्ले. वजन ७१६.

मग रॅटकडे वळलो. तात्यांनी व्यनि (खासगी निरोप) करून युक्ती सांगितली होती, इथेही लिहिते: माऊस आणि रॅट एकाच पिशवीत एकत्र कोमट करायचे, म्हणजे रॅटला माऊसचा वास लागतो. मग माऊसने रॅटचं तोंड चोळायचं. चाळीस रुपयांच्या कोथिंबिरीसाठी भाजीवाल्याशी घासाघीस करणारी मी, रात्री अकराला हातमोजे घालून एका उंदराने दुसऱ्याचं नाक पुसत बसले होते. काल ४८ ग्रॅमचा रॅट दिला. सकाळी नव्हता.

टेक्सासतात्या | २० जानेवारी

व्वा! ४८ म्हणजे त्याच्या वजनाच्या साडेसहा टक्के, झकास. पिल्लांना वजनाच्या १०-१५ टक्के दर आठवड्याला चालतं, पण याला आता दहा ते चौदा दिवसांनी एवढंच पुरे. पूर्ण वाढ झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी. चरबट केलेले साप मी खूप पाहतो. तेही पुढे महिनोन्‌महिने जेवत नाहीत, आणि मालकाला वाटतं आजारी आहे.

एक वही करा. तारीख, वजन, काय दिलं, खाल्लं की नाही, कात कधी टाकली. बस.

वेलदोडा | २४ फेब्रुवारी

पुन्हा बंद. २, १३ आणि २३ फेब्रुवारी, तीनदा नकार. तापमान ठीक, आर्द्रता ६०, काही बदललं नाही. टाकीत इकडून तिकडे फिरतो मात्र रात्रभर. आता काय झालं? सासूबाई साताऱ्याला परतल्या, त्यांचा हिरमोड झाला म्हणावं तर तसंही नाही.

खवलेमांजर | २४ फेब्रुवारी

वजन?

वेलदोडा | २४ फेब्रुवारी

७३९ होतं ३० जानेवारीला. आज ७३१.

खवलेमांजर | २४ फेब्रुवारी

आठ ग्रॅम! तेवढी तर एखादी शीही असते. नर आहे, वयात आलाय, थंडीचा मोसम आहे आणि रात्री भटकतोय. त्याला सध्या जेवणापेक्षा जोडीदार शोधायचाय. असे उपास नर दरवर्षी करतात. चौदा दिवसांनी एकदा ठेवून बघा, नाही खाल्लं तर फेका. तापमान वाढवू नका, माऊसवर परत जाऊ नका, जागा बदलू नका. चार गोष्टी एकदम बदलल्यात तर कशाने खाल्लं ते कळणारच नाही.

टेक्सासतात्या | २५ फेब्रुवारी

डोळे बघा, दुधाळ दिसताहेत का? पोट गुलाबीसर? म्हणजे कात येतेय. त्या दिवसांत धड दिसत नाही म्हणून बरेच जण खात नाहीत.

अवांतर, सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या बॉल पायथनीने २०२० मध्ये अंडी घातली, किमान बासष्ट वर्षांची असताना, पंधरा वर्षांहून जास्त काळ नराचं तोंड न बघता. १९६१ मध्ये ती तिथे आली. ताई, लेक कॉलेजला जाईल, तिचं लग्न होईल, वळकटी तुमच्याकडेच असेल.

वेलदोडा | २५ फेब्रुवारी

तात्या, हे आधी सांगायचं असतं हो.

हिशेबनीस | २६ फेब्रुवारी

पुतण्याला हा धागा वाचायला दिला. तो आता मासे पाळायचं म्हणतोय.

वेलदोडा | १९ मार्च

वहीतून उतरवतेय:
१ मार्च: डोळे दुधाळ. काही दिलं नाही.
९ मार्च: डोळे स्वच्छ झाले.
१२ मार्च: कात टाकली. नाकापासून शेपटीपर्यंत एकसंध, मोज्यासारखी उलटी. डोळ्यांवरच्या दोन्ही टोप्या कातीतच आहेत, भिंगाने तपासलं. आल्यावर पहिली कात तुकड्यांत निघाली होती, ती २८ टक्के आर्द्रता.
१५ मार्च: वजन ७२२. रॅट, ५१ ग्रॅम, माऊस न चोळता. ताटलीवर ठेवायला वाकले, तेवढ्यात डब्याच्या दारातून तो सरळ येऊन चिमट्यावरूनच घेऊन गेला. तीन वेटोळी घातली. उंदीर मेलेलाच होता, तरी पंधरा मिनिटं आवळून धरला. मग डोकं शोधायला नाकाने चाचपत गेला आणि तिथून सुरू केलं. मी जिन्याच्या पायरीवर बसून सगळं पाहिलं. शेवटी शेपूट आत गेली तशी दोनदा जांभई दिल्यासारखा जबडा ताणला, आणि डब्यात.

मृगजळी | १९ मार्च

तुम्ही बसून पाहिलंत? जानेवारीत हातमोजे घालून तोंड फिरवत होतात ना?

वेलदोडा | १९ मार्च

हो. साताऱ्याला व्हिडिओ पाठवलाय. तिकडून उत्तर आलं: "डबे धुऊन परत नको आणूस."